घरचं माणूस आल्याशिवाय

आमच्या बंदराच्या गावात बाजारपेठेत टीव्ही दुरुस्तीचं एक दुकान होतं आणि त्या दुकानाच्या माडीवर एक खोली होती. त्या खोलीतून कित्येक वर्षं रोज संध्याकाळी सात वाजता गावाच्या बातम्या गावाला दाखवल्या जात. खोली आता बंद आहे. मी तिथे बातम्या वाचत असे. आज मी हायस्कुलात मराठी शिकवते, पण बाजारात मासे विकणाऱ्या बायका मला अजून ‘टीव्हीवाली बाय’ अशीच हाक मारतात.

मी आज जी काही आहे, त्यातलं पुष्कळसं त्या खोलीत घडलं. म्हणून हे लिहिते आहे. दुसरंही एक कारण आहे. त्या खोलीत माझ्या हातून एक चूक झाली होती आणि ती बरीच वर्षं दुसऱ्या माणसाच्या नावावर राहिली.

तो दुसरा माणूस म्हणजे ते केंद्र सुरू करणारे गृहस्थ. सगळा गाव त्यांना भाई म्हणे, वयाने मोठी माणसंसुद्धा. तरुणपणी ते मुंबईला रेडिओ दुरुस्ती शिकले आणि आई आजारी पडली म्हणून परत आले, ते आलेच. आई गेल्यावर घरात ते एकटे. लग्न त्यांनी केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणत, “दुकानात रोज पन्नास टीव्ही बोलतत, घरात आनी कोण बोलाक होया?”

त्यांनी कौलांवर डिशची मोठी छत्री बसवली आणि तिथून घराघरांत वायर नेली. आमच्याकडे विजेचे खांब लांब लांब, माड मात्र दाराशी. त्यामुळे भाईंची केबल माडावरून माडावर जात गावभर पसरली. पावसाळ्यात एखादी झावळ पडली की एक अख्खी वाडी अंधारल्यासारखी गप्प व्हायची. नारळ पाडायला माणूस चढला की खालून बायका ओरडत, “वायर सांभाळ रे, सांजच्याक सिरीयल आसा!”

पुढे लग्नांचं चित्रण करायला घेतलेला कॅमेरा त्यांनी जत्रेत नेला. रात्रभरचं दशावतारी नाटक टिपलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी केबलवर सोडलं. लोकांनी नाटक पाहिलंच नाही. प्रेक्षकांत आपण कुठे बसलो होतो ते शोधत राहिले. एका आजीने दुकानात येऊन तक्रार केली म्हणे, “तुझ्या मशिनीत मी इतकी म्हातारी कशी दिसलंय रे?” भाई म्हणत, त्या दिवशी त्यांना कळलं की गावाला आपलंच तोंड बघायचं आहे. मग माडीवरच्या खोलीत निळ्या चादरीचा पडदा लागला, एक टेबल आलं, आणि सात वाजताच्या बातम्या सुरू झाल्या.

मी धामापूरच्या बाजूच्या एका खेड्यातली. घरी भात आणि काजूची थोडी झाडं. वडिलांना सही करता यायची, वाचता येत नसे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. सकाळच्या एसटीने यायचं आणि साडेसातच्या वस्तीच्या गाडीने परत जायचं, मधला वेळ कुठे काढायचा हा रोजचा प्रश्न होता. भाईंनी आमच्या मराठीच्या सरांना विचारलं, स्पष्ट वाचणारं कोणी आहे का. सरांनी मला पाठवलं.

परीक्षा म्हणून भाईंनी माझ्या हातात एक लग्नपत्रिका दिली. मी वाचली.

“बरा वाचलंस,” ते म्हणाले. “आता हीच पत्रिका कोणाच्या तरी निधनाची आसा असा समजून वाच.”

मी आवाज खाली आणून, सावकाश वाचली. ते मान हलवत राहिले.

“आवाज पाडलंस. पाडू नको. माणूस मेलो तरी तेचा नाव ठळक येवक होया.”

तेव्हापासून मी त्यांच्याकडे वाचू लागले. दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत ते मला अभ्यासाला बसू देत. उघडे पडलेले टीव्ही आणि वायरींची भेंडोळी यांच्यामध्ये माझी वही असे. ‘श’ आणि ‘स’ नीट यावेत म्हणून ते मला वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचायला लावत आणि स्वतः सोल्डरिंग करत ऐकत. मध्येच म्हणत, “तो शब्द परत.” आमच्या खेड्यात त्यांची केबल पोहोचत नव्हती. भाजी किंवा काजू घेऊन बाजारात आले की वडील सातपर्यंत थांबत आणि खाली दुकानातल्या टीव्हीसमोर उभे राहून मला बघत. मी वर, ते खाली. मध्ये तेरा पायऱ्या. बातम्या संपल्या की आम्ही दोघं धावत गाडी पकडायचो. ते बातम्यांबद्दल काही बोलत नसत. एकदाच म्हणाले, “पदर सारखो करीत रव नको. लोक बघतत.”

बातम्या म्हणजे काय, तर ग्रामसभा, शाळेचं स्नेहसंमेलन, बंदरावर कोणाला मोठी सुरमई मिळाली ते. पण लोक टीव्ही लावत ते शेवटच्या पाच मिनिटांसाठी. त्या भागाला सगळे ‘निधन’ म्हणत. “आज निधनात कोण आसा?” हा आमच्या गावातला रोजचा प्रश्न होता. घरचं माणूस फोटो घेऊन यायचं. फोटो मिळतील तसे. रेशनकार्डासाठी काढलेला, ओळखपत्रावरचा, पुष्कळदा एखाद्या लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला, ज्यात मेलेल्या माणसाच्या खांद्यावर कुणा दुसऱ्याचा हात उरलेला असे. तो फोटो स्टँडवर लावायचा, कॅमेरा समोर ठेवायचा आणि मी वाचायचं. नाव, वय, मागे कोण कोण आहे.

शेवटी एक ओळ असे. ती भाईंची स्वतःची रीत होती. ते घरच्या माणसाला विचारत, “तेंची एक गोष्ट सांगा, जी दुसऱ्या कोणाची नाय.” आलेली माणसं आधी गोंधळत, मग सांगत. ती ओळ नोंदवहीत जशीच्या तशी उतरायची आणि मी ती तशीच वाचायची, मालवणीतच. बाकीची बातमी पुस्तकी मराठीत आणि ती एक ओळ घरातली. ‘ह्या बाईन सोलकढीत कधी पाणी जास्त घातल्यान नाय.’ ‘हे शाळेच्या घंटेक कधी उशीर करीत नसत, पगार बंद झाल्यावरसुद्धा.’ नोंदवहीत खाली त्या माणसाची सही किंवा अंगठा. अशा वह्या भाईंच्या कपाटात एकावर एक साठत गेल्या.

माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर मोठं वादळ झालं. इतर होड्या आधीच परत फिरल्या होत्या. एक परतली नाही. तिच्यावर चार माणसं होती. दुसऱ्या दिवशी एकाचं प्रेत किनाऱ्याला लागलं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याचं, दोन गावं सोडून पलीकडे. भाई कॅमेरा घेऊन स्कूटरने तिकडे निघाले. जाताना मला म्हणाले, “आज निधनात होडयेतल्या कोणाचाच नाव घेव नको. घरचा माणूस इल्याशिवाय नाय. नुसता सांग, शोध चालू आसा.”

सहाच्या सुमारास मच्छीमारांच्या सोसायटीतून एक माणूस कागद घेऊन आला. सरकारी मदतीचा अर्ज वेळेत जावा म्हणून तिथे कोणीतरी घाईने यादी टाईप केली होती. वर लिहिलं होतं, ‘वादळात मृत्यू पावलेले खलाशी’. खाली चार नावं, सही, आणि सोसायटीचा जांभळा गोल शिक्का.

मी तो कागद हातात घेऊन बसले. आज विचार करते तेव्हा कळतं की मला मोह बातमीचा नव्हता. मला त्या शिक्क्याने बांधून टाकलं. आमच्या घरात शिक्क्याचा कागद ट्रंकेत सर्वांत खाली, हळदीच्या कापडात गुंडाळून ठेवत. सातबारा, माझं मार्कशीट, जातीचा दाखला. वडील असा कागद दोन्ही हातांनी घेत. शिक्क्याच्या कागदावर लिहिलेलं खोटं असू शकतं, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. भाईंचं सांगणं तोंडी होतं, हा कागद होता. इतकं शिकून मी कागदावर विश्वास ठेवायला तेवढं शिकले होते.

फोटो नव्हते म्हणून मी स्टँडवर नुसती निळी चादर ठेवली. आवाज पाडला नाही. चारही नावं ठळक वाचली. शेवटची ओळ कोणाचीच नव्हती, कारण सांगणारं कोणी आलं नव्हतं. मग कॅमेरा बंद करून साडेसातची गाडी पकडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाईंनी विचारलं, “नावां वाचलंस?”

“हो भाई. कागदावर शिक्का होता.”

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला. मग म्हणाले, “शिक्को.” आणि हातातल्या टीव्हीचं मागचं झाकण लावू लागले.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी अकराच्या गाडीतून त्या चौघांतला एक जण आमच्या एसटी स्टँडवर उतरला. पाण्यात त्याच्या हाताला प्लास्टिकचं पिंप लागलं होतं. गोव्याच्या एका ट्रॉलरने त्याला वर घेतलं. पण ट्रॉलर खोल पाण्यात निघालेला होता, तो त्याला घेऊनच पुढे गेला आणि परत धक्क्याला लागल्यावर सोडलं. तिथून तो बांद्यापर्यंत आला आणि बांद्याहून आमच्याकडे. अंगावर दुसऱ्या कोणाचा तरी ढगळ शर्ट. स्टँडवरच्या शेंगदाणेवाल्याने त्याला पाहिलं आणि टोपली सोडून तो मागे सरकला.

“काय झाला रे?” ह्याने विचारलं.

“तू मेलंस ना रे!”

“कोण म्हणता?”

“टीव्हीर सांगल्यानी!”

हे नंतर शेंगदाणेवाला हसत हसत सांगायचा. घरी जे झालं ते हसण्यासारखं नव्हतं. वादळानंतर तीन दिवस त्याच्या बायकोने घरात कोणालाही रडू दिलं नव्हतं. बायका जमल्या होत्या, ती त्यांना हाकलत होती. “येतलो तो. रडाक बसलास तर भायर काढीन.” तिसऱ्या दिवशी सात वाजता तिच्याच घरातल्या टीव्हीवर मी तिच्या नवऱ्याचं नाव वाचलं. मग तिचं कोणी ऐकेना. वडीलधाऱ्या बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, मंगळसूत्र काढून ठेवलं. दोन दिवसांनी नवरा दारात उभा राहिला तेव्हा ती तशी बसलेली होती.

त्याला सरळ आत घ्यायचं नाही असं म्हाताऱ्यांनी ठरवलं. मागच्या दारी विहिरीवर आंघोळ घातली, मग दोघांना देवळात नेऊन गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला आणि देवासमोर त्याने तिला पुन्हा मंगळसूत्र घातलं. शेजारच्या कोणीतरी दोघांचा फोटो काढला.

त्याचा खरा त्रास पुढे सुरू झाला. एकही तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, त्याला होडीवर घेईना. ज्याच्यासाठी एकदा रडून झालं त्याला परत दर्यात नेऊ नये, असं ते म्हणत. त्याचं नाव आता कोणी घेतही नसे. बाजारात त्याला ‘मेलेलो’ म्हणू लागले, आणि तोही ओ देई. “मेलेल्या, च्या घेतलंस काय रे?” “घेतलंय, पण मेलेल्याक साखर जास्त लागता.” तो हसायचा. पण पाण्यावर जन्मलेला तो माणूस पुढची सगळी वर्षं किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांची जाळी शिवत राहिला.

तो परत आला त्या संध्याकाळी भाई पहिल्यांदाच स्वतः कॅमेऱ्यासमोर बसले. मी कॅमेऱ्यामागे होते. ते पुस्तकी मराठीत, अडखळत बोलले. “परवाच्या निधनवार्तेत एक जिवंत माणूस मृत म्हणून सांगितला गेला. कागद मी दिला. खात्री मी केली नाही. चूक माझी आहे. त्या घराची मी माफी मागतो.”

कॅमेरा बंद झाल्यावर मी म्हटलं, “भाई, तुम्ही तर मला...”

“गप रव.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “तुका हंयसून पुढे जावचा आसा. उद्या मास्तरीण होतलंस, लोक तोंडार फेकतीत. माका खंय जावचा आसा?”

मी गप्प राहिले. त्या दिवशी लाजेने, आणि पुढे सवयीने.

दुसऱ्या दिवशी ते त्या घरी गेले. मी रस्त्यापर्यंत गेले होते, पुढे पाय उचलला नाही. ती बाई दारात आली. हातात कोयता होता.

“तीन दिवस मी कोणाक रडूक दिलंय नाय,” ती म्हणाली. “तुझ्या टीव्हीन रडयला.” आणि तिने भाईंच्या समोर घराच्या कोपऱ्यावरून आत गेलेली केबल कापून टाकली.

त्यानंतर जिन्यापाशी पुठ्ठ्याचा फलक लागला, ‘घरचे माणूस आल्याशिवाय निधन वाचले जाणार नाही.’ लोकांनी फोन केले, मुंबईहून चिठ्ठ्या पाठवल्या, ओळखी सांगितल्या. भाईंनी एकदाही ऐकलं नाही. दर नारळी पौर्णिमेला, होड्या पाण्यात उतरायच्या दिवशी, ते एक नारळ घेऊन त्या घरासमोर उभे राहात. त्यांनी त्या माणसाला दुकानात काम देऊ केलं होतं. बाईने नाही म्हटलं. ती भाईंसमोर बाहेरही येत नसे. नवरा येई, नारळ घेई, दोन शब्द बोले आणि आत जाई.

मी पदवीधर झाले. बी.एड. झालं, नोकरी लागली, लग्न झालं. शाळा सुटल्यावर आठवड्यातून तीन दिवस तरी मी वाचायला जायची. प्रत्येक वर्षी वाटे, यंदा त्या बाईला जाऊन सांगू. मग वाटे, आता काय उपयोग. शाळेत मुलांना खरं बोलावं असा धडा शिकवताना मी फळ्याकडे तोंड करून शिकवत असे.

तीन वर्षांपूर्वी भर पावसात तो माणूस आजारपणाने खरोखरच गेला. कळलं तेव्हा भाईंनी नोंदवही उघडून ठेवली. सात वाजले. “येतीत कोणतरी,” ते म्हणाले. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाजारात कोणीतरी त्याच्या बायकोला विचारलं, टीव्हीवर दिलं नाहीस का. ती म्हणाली, “एकदा सांगून झाला मां? मेलेल्याक किती वेळा मारतत?”

एव्हाना निधनासाठी टीव्हीची गरज कोणाला फारशी उरली नव्हती. माणूस गेल्यावर पाच मिनिटांत फोटो फोनवर येतो, हार घातलेला. घरोघरी छोट्या छत्र्या आणि सेट-टॉप डबे आले आणि माडावरच्या वायरी लोकांनी कपडे वाळत घालायला वापरल्या. मग भाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. त्यांना जिना चढता येईना. ते खाली दुकानात खुर्चीत बसत, बोलणं जड झालं होतं. मोजकी घरं अजून आमची वाहिनी बघत, तेवढ्यांसाठी मी वर जाऊन वाचत असे. शेवटी त्यांनी ठरवलं, हा महिना संपला की बंद.

एका संध्याकाळी त्यांनी मला शेवटची नोंदवही दाखवली. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातलं एक पान कोरं होतं. वर फक्त त्या माणसाचं नाव आणि वय. खाली ओळीची जागा मोकळी, सहीची जागा मोकळी.

“ह्या पान... तसाच रवला,” ते अडखळत म्हणाले. “खोटा वाचून झाला. खरा... वाचूक गावला नाय.”

“आपण वाचूया की भाई. सगळ्यांना माहीत आहे.”

त्यांनी चांगला हात उचलून जिन्यापाशी टांगलेल्या फलकाकडे बोट केलं.

त्यांनी मला त्या घरी जा म्हटलं नाही. इतक्या वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. पण ते पान कोरं ठेवून केंद्र बंद झालं तर त्यांच्या सगळ्या वह्या त्यांना अपुऱ्या वाटणार, हे मला दिसत होतं. आणि घरचं माणूस आणायचं तर मला खरं सांगावं लागणार, हेही.

रविवारी सकाळी मी गेले. ती बाई घरामागे वाळूवर सुके बांगडे उलटत होती. बाजूला काठी, कावळ्यांसाठी. मला पाहून तिने मान वर केली नाही.

“काय गो बाय, वाट चुकलंस?”

“तुमका एक सांगूचा होता.”

“सांग. बांगडे ऐकतत.”

मी उभ्यानेच सांगितलं. भाईंनी मला काय बजावलं होतं, कागद कसा आला, मी का वाचला. कॅमेऱ्यासमोर ते जे बोलले ते माझ्यासाठी बोलले. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मला वाटलं होतं, फार वेळ लागेल.

ती बांगडे उलटायची थांबली होती.

“तू वाचलंस ता माका म्हायत आसा. तुझो आवाज मी इसरान? पण तो भाई म्हणालो, कागद तेनाच दिलो.”

“नाय. तेनी नको म्हटल्यानी.”

“आनी तरी तो दर वरसा माझ्या दारात नारळ घेऊन हुबो रवलो?”

“हो.”

“आनी तू रस्त्यार हुबी रवलंस. त्या दिवशी मी बघलंय तुका, फणसाच्या आड.” ती उठली, कंबर धरून. “तुका लाज नाय वाटाक?”

“वाटली. म्हणून इलंय नाय इतकी वरसां.”

“ही खंयची लाज गो? लाज वाटली की माणूस येता.” तिने काठी उचलली, एका कावळ्यावर उगारली. मग तिचा आवाज बदलला. “माझो घोव म्हणायचो, त्या माणसाक आत घे. भायर हुबो रवता, बरा दिसणा नाय. मी घेतलंय नाय. मेलो तरी घेतलंय नाय.”

मी माफी मागितली. तिने हात झटकला.

“तुझा माफ-बिफ मी काय करूचंय नाय. तुझा तू बघ. पण तो म्हातारो आजारी आसा म्हणतत. कधी बंद करतत ता?”

“शुक्रवारी.”

“येतलंय.”

शुक्रवारी साडेसहाला ती आली. पायात चप्पल, हातात पिशवी. दुकानाच्या पायरीवर क्षणभर थांबली. भाई खुर्चीतून उठायची धडपड करू लागले.

“बस, बस. पडशीत आनी माझ्यार येयत,” ती म्हणाली. मग जरा वेळाने, “तू गप कित्याक रवलंस रे?”

भाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. त्यांचे डोळे भरून आले.

तिने पिशवीतून फोटो काढला. तो देवळातला फोटो होता. ढगळ शर्टातला तिचा नवरा, ओल्या केसांचा, आणि शेजारी ती, गळ्यात नुकतंच घातलेलं मंगळसूत्र. मी कात्रीकडे पाहिलं असेन, कारण ती लगेच म्हणाली, “माका कापू नको. तसोच दाखय.”

भाईंनी नोंदवही तिच्यापुढे सरकवली, चांगल्या हाताने. कोरं पान. मी पेन घेऊन बसले आणि भाईंनी तिला तो प्रश्न विचारला, जो ते सगळ्यांना विचारत. तुकड्या तुकड्यांत. एक गोष्ट सांगा, जी दुसऱ्या कोणाची नाही.

तिला विचार करावा लागला नाही. तिने सांगितलेली ओळ मी लिहून घेतली. तिने खाली सही केली, शाळकरी मुलीसारखी, एकेक अक्षर सुटं.

“माझ्या घरात तुझी वायर नाय,” ती भाईंना म्हणाली. “माका दिसाचा खंय?”

“हंय,” भाई म्हणाले. “हंयच बघ.”

मी वर गेले. पंखा बंद केला, फोटो स्टँडवर लावला, कॅमेरा चालू केला. खोलीत मी एकटीच होते, त्या दिवशीसारखी. आधी गावाच्या दोन बातम्या वाचल्या. मग केंद्र आजपासून बंद होत आहे, हे सांगितलं. मग निधन. त्याचं नाव वाचलं, वय वाचलं. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्यांचे निधन झाले, असं वाचलं. त्यांच्या पश्चात पत्नी आहे, असं वाचलं. आवाज पाडला नाही. शेवटी तिची ओळ, तिने सांगितली तशी.

“ह्यो एकदा परत इलो.”

मी जिना उतरले. घाईत कॅमेरा बंद करायचा राहिला होता, त्यामुळे दुकानातल्या टीव्हीवर तो फोटो तसाच होता. माझे वडील जिथे उभे राहून मला बघत, त्याच जागी ती बाई उभी होती. शेजारी खुर्चीत भाई. दोघंही पडद्याकडे बघत होते.

“बंद करू?” मी विचारलं.

भाईंनी तिच्याकडे पाहिलं.

“रवांदे थोडो वेळ,” ती म्हणाली.

मी परत वर गेले नाही.